मंगळूला आफसाईड कळेना

चेंडूला अठरा पट्ट्या होत्या. तीन-तीन पट्ट्यांचा एक गट, असे सहा गट, आणि एका गटाच्या मधोमध चार बोटं लांबीची चीर. ती चीर चामड्याच्या वादीनं बुटासारखी आवळून बांधलेली. मंगळूनं पट्ट्या तीनदा मोजल्या. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, आणि तिसऱ्यांदा चेंडू उलटा धरून. तिन्ही वेळा अठराच भरल्या. तेव्हा कुठं त्यानं चेंडू मास्तरांच्या हातात परत दिला आणि म्हणाला, "बघू."

ही गोष्ट जव्हार संस्थानातली, एकोणीसशे बावीस सालच्या पावसाळ्यातली. आवणी उरकली होती, चिखलानं पांढरे पडलेले पाय पुन्हा मूळच्या रंगावर आले होते, आणि जव्हारचे ड्रिलमास्तर खारकर तट्टावर बसून वावर गावी आले होते. त्यांच्या मनात होतं की दसऱ्याच्या मेळ्यात शहरातल्या गड्यांशी पाड्यांवरच्या गड्यांचा फुटबॉलचा सामना लावावा. वावर आणि शेजारची वांगणी मिळून अकरा पोरं त्यांना हवी होती. पोरं एका पायावर तयार होती. पण वावरला मंगळूला विचारल्याशिवाय कोणी शिंकतसुद्धा नसे.

"बघू म्हणजे हो की नाही?" मास्तरांनी विचारलं.

मंगळूची बायको तानी दारात सूप पाखडत होती. ती न थांबता म्हणाली, "मास्तर, 'बघू' म्हंजे बघू. सोम्याला इचार. दोन वरसं झाली, त्याचंबी अजून बघूच हाय."

सोम्या वांगणीचा. मंगळूच्या हिरीशी लग्न करायचं म्हणून तो रीतीप्रमाणे सासऱ्याच्या घरी राबायला येऊन राहिला होता. घरजावयानं राबायचं, सासऱ्याचं मन भरलं की सासऱ्यानं लग्नाचं बोलायचं, लग्न झालं की जोडप्यानं नवऱ्याच्या गावी आपलं वेगळं खोपट बांधायचं, अशी ती रीत. साधारण एका पावसाळ्यात सासऱ्याचं मन भरतं. मंगळूचं दोन पावसाळ्यांत भरलं नव्हतं. आधी तो म्हणाला, भात झोडून होऊ दे. मग म्हणाला, होळी होऊ दे. मग छप्पर शाकारून होऊ दे, मग गाय विऊ दे. गाय दोनदा व्याली. दोन्ही वासरं आता दावणीला उड्या मारत होती, आणि सोम्या त्यांना चारा घालत होता.

फुटबॉलच्या बाबतीत मात्र मंगळूचं "बघू" चार दिवसांतच पिकलं, कारण त्याला स्वतःलाच चेंडूचं कुतूहल वाटायला लागलं. तो पंचक्रोशीतला पहिल्या नंबरचा शिकारी. हाका घालायचा तर अर्धा गाव एका अंगानं ओरडत, पत्रे बडवत रान ढवळून काढतो, आणि दुसऱ्या अंगाला, जिथून सावज निसटणार त्या बारीवर, एकच माणूस दम धरून बसतो. तो माणूस वीस वर्षं मंगळूच होता. त्यानं खेळ बघितला आणि पोरांना गोळा करून सांगितलं, "ह्यो हाकाच हाय. धा जणांनी चेंडू हाकायचा. एकानं बारीवर बसायचं."

बारीवर पोरांतल्या फागूला बसवायचं ठरलं.

पुढच्या खेपेला मास्तर आले. माळावर बांबूचे खांब रोवून गोल केले होते. पोरांनी एका अंगाला पाच, दुसऱ्या अंगाला सहा असं वाटून खेळ सुरू केला. दहा जण आरोळ्या मारत चेंडूमागं धावत होते. मास्तरांनी मोजले, पुन्हा मोजले. एक गडी कमी. तेवढ्यात सोम्यानं चेंडू लांब मारला, आणि गोलाशेजारच्या कारवीच्या झुडपातून फागू उठला, दोन ढांगांत चेंडूवर आला, आणि त्यानं गोल केला.

मास्तरांनी शिट्टी मारली. "आफसाईड!"

"काय झाला?" फागू म्हणाला.

"तू झुडपात काय करत होतास?"

"बसलेलो."

"झुडपात? लपून? का?"

फागूला हा प्रश्न भलताच खुळा वाटला. "चेंडूनं बघितला असता तर वळला असता ना, मास्तर."

मास्तरांनी टोपी काढून कपाळ पुसलं. मग सगळ्यांना खाली बसवलं, खिशातलं नियमांचं पुस्तक काढलं आणि एक-एक शब्द सावकाश उच्चारून सांगितलं, "नीट ऐका. आपल्या गड्यानं चेंडू मारला त्या क्षणी, तुम्ही समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात असाल, चेंडूच्या पुढे असाल, आणि तुमच्या नि त्यांच्या गोलरेषेच्या मध्ये त्यांचे तीन गडी नसतील, तर तुम्ही आफसाईड. गोल धरायचा नाही."

पोरांनी कडेला बसलेल्या मंगळूकडं माना वळवल्या. लांब कुठंतरी भारद्वाज हूप-हूप करत होता.

"म्हंजे," मंगळू शेवटी म्हणाला, "सावज येणार तिथं आधी जाऊन बसला तो गुन्हेगार? आनि सावजामागं बोंबलत पळाला तो शाना?"

"हो. म्हणजे, तसंच."

"मास्तर, ह्यो नियम ज्यानं केला त्यानं आयुष्यात ससासुदीक मारला नसंल."

फागूला त्या दिवशी नऊ वेळा आफसाईड दिलं. नवव्या वेळी तो रडकुंडीला आला.

संध्याकाळी मास्तर तट्टावर बसायला निघाले तेव्हा अंगणात सगळे होते. तानीनं संधी साधली. "हिरीच्या बा, आता चारचौघं हायती. मास्तरबी हाय. सोम्याचं काय ते बोलून टाक."

सगळे मंगळूकडं बघायला लागले. मंगळूनं डोक्याचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला. आणि मग त्याच्या तोंडावर असा काही उजेड पडला की तानीनं हातातलं सूप घट्ट धरलं.

"बोलतो की," तो म्हणाला. "आधी मना ह्यो आफसाईड कळू दे. ज्या दिशी कळंल, त्या दिशी लगनाचं बोललो म्हणून समज. मास्तर साक्षीला."

तानीनं सूप खाली आपटलं.

भात झोडून होतं, गाय कधीतरी वितेच. पण आपल्याला एखादी गोष्ट कळली नाही असं माणूस जन्मभर म्हणत राहिला, तर त्याला कोण काय करणार?

सोम्यानं लगेच दुसऱ्या दिवसापासून प्रयत्न सुरू केला. अंगणात त्यानं कोळशानं मैदान आखलं. आपले गडी म्हणून वालाचे दाणे मांडले, समोरच्यांचे म्हणून तुरीचे, आणि चेंडू म्हणून हिरडा.

"मामा, ह्यो वाल म्हंजे फागू."

"फागू एवढा गोरा नाय."

"बरं, नसंल. ह्यो तूर त्यांचा गोलकीपर. हे दोन त्यांचे पाठीचे गडी. किती झाले?"

"तीन."

"मग फागू बरोबर हाय. आता ह्यांतला एक पुढं गेला—"

सोम्या दाणा सरकवायला वाकला, तेवढ्यात कोंबडीनं येऊन तो दाणा टिपला.

मंगळू गंभीरपणे म्हणाला, "आता दोनच राहिले. मग दोष कोणाचा? फागूचा का कोंबडीचा?"

सोम्या दोन वर्षांत सासऱ्याला उलटून बोलला नव्हता. त्या दिवशीही बोलला नाही. त्यानं कोंबडीला मात्र पार ओढ्यापर्यंत पळवत नेलं.

लहान्या गोलकीपर होता. त्यानंही सांगून बघितलं. फागूनं तर स्वतःच्या नऊ आफसाईडांची एक-एक हकीकत सांगितली, कुठं बसलो होतो, पायाला काय चावलं, सगळं. मंगळू मान डोलवायचा, आणि शेवटी हात झटकून म्हणायचा, "नाय बा. डोक्यात शिरत नाय. म्हातारा झालो."

भादव्यात एक दिवस खेळून दमलेली पोरं बांधावर बसली होती. हिरी शेळ्या घेऊन येत होती. पोरांचं भांडण तिच्या कानावर पडलं. फागू म्हणत होता, चेंडूच्या पुढं असलो तरी तीन जण असले तर चालतं हे कसं? एकतर पुढं असणं चूक, नाहीतर नाही.

हिरी थांबली. "अरं, ह्यात काय अवघड हाय? आपली शेळी दुसऱ्याच्या नागलीच्या शेतात घुसली. तू तिच्या मागनं गेलास. कोणी चोर म्हणंल का?"

"नाय. शेळी आणायला गेला म्हणतील."

"आनि शेळी अजून बांधावरच हाय, आनि तू आधीच नागलीच्या मधात जाऊन उभा?"

"मग चोर."

"चेंडू म्हंजे शेळी. तिच्या मागनं कुठंबी जा. तिच्या आधी गेलास तर इचारणार. पण समज, शेताचे राखणदार तिथंच हायेत, त्यांच्या डोळ्यांसमोर तू उभा हायस. मग काय चोरशील? बोलायला आला म्हणतील."

"पण राखणदार तीनच का? एक बास हाय की."

"एक झोपतो, एक ताडी प्यायला जातो," हिरी म्हणाली, "म्हणून तिसरा पायजे."

फागू उभा राहिला. त्याचं तोंड उघडंच होतं. "आयला," तो म्हणाला. "मी नऊ टायमाला चोर होतो."

त्या दिवसानंतर फागूला आफसाईड क्वचितच झालं. मास्तर पुढच्या खेपेला आले, त्यांनी शेळीची गोष्ट दोनदा सांगायला लावली आणि पुस्तकाच्या समासात काहीतरी लिहून घेतलं.

हिरीनं घरी येऊन बापाला तीच गोष्ट सांगितली. मंगळू विळ्याला धार लावत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"शेळी समजली," तो म्हणाला. "नागलीबी समजली. पण चेंडूला ना शिंग ना शेपूट. त्यो काय समजत नाय."

"झोपलेल्याला उठवता येतं," तानी चुलीपाशी बसून म्हणाली, "सोंग घेतलेल्याला देवबी उठवत नाय."

हिरी त्याच्यासमोर उकिडवी बसली. "बा, सोम्या बोलला नाय तुला, म्हणून मी बोलते. दसऱ्यापर्यंत तू बोलला नाहीस तर तो वसईकडं जाणार, मिठागरावर. वांगणीची पोरं चाललीत, त्यांच्याबरोबर. मिठागरावरून माणसं येतात का माघारी, ते तूच सांग."

मंगळूचा हात विळ्यावर थांबला, मग परत चालू झाला. हिरी उठून गेली.

तानीनं तव्यावर भाकर टाकली. मग म्हणाली, "पोरगी काय लंकेला चाललीय? वांगणी हाकेच्या अंतरावर हाय."

"हाय ना," मंगळू म्हणाला. "पण मग हाक मारायला लागंल. आता नाय लागत."

तानीनं भाकर उलटली. तिला नवऱ्याचा रागही आला आणि त्याला दुसरी भाकर द्यावीशीही वाटली. तिनं दिली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी हस्ताचा पाऊस पडून गेला. जव्हारचं मैदान वरून सुकलं होतं, पण आत ओल होती. पाय उमटावा, चिखल उडू नये, एवढीच. मेळ्याला आलेली माणसं मैदानाभोवती दाटीनं उभी राहिली. एका अंगाला शहरातली, पगड्या-टोप्यांची. दुसऱ्या अंगाला वावर-वांगणीची, नागलीच्या भाकरी फडक्यात बांधून पहाटे निघालेली. शहराच्या गड्यांच्या पायात खिळ्यांचे बूट होते. आपली पोरं अनवाणी.

"पाय चेंगरतील रे पोरांनो, रानात जा!" शहराच्या अंगानं कोणी ओरडलं.

"बूट जड वाटले तर सांगा, आमच्या पोरांना उचलायची सवय हाय!" तानीनं इकडून सुनावलं.

मंगळू पुढच्या रांगेत उकिडवा बसला होता. सोम्याचं गाठोडं तानीच्या पायाशी होतं. त्यात एक घोंगडी, एक धोतर आणि कोयता. सामन्यानंतर वसईच्या वाटेला लागायचं, म्हणून त्यानं बरोबरच आणलं होतं. मंगळूनं त्या गाठोड्याकडं एकदा बघितलं आणि मग परत तिकडं मान वळवली नाही.

पहिल्या अर्ध्यात फागूनं गोल केला. चेंडूच्या मागून धावत, शेळी हाकावी तसा हाकत. "हुर्र, हुर्र" असा आवाजही तो काढत होता. पंच मास्तरच होते; त्यांनी हरकत घेतली नाही, कारण पुस्तकात त्याबद्दल काही नव्हतं. दुसऱ्या अर्ध्यात शहरानं फेडला. एक-एक बरोबरी. उन्हं कलायला लागली.

शेवटच्या काही मिनिटांत शहराच्या एका गड्यानं मधूनच चेंडू लांब मारला. पुढं निळ्या सदऱ्याचा एक उंच पोरगा होता. सोम्या जिवाच्या आकांतानं मागं धावला, त्या पोराच्या पुढं, गोलाच्या अंगाला जाऊन वळला, पण तोवर चेंडू आला होता, निळ्या सदऱ्यानं तो पायावर घेतला आणि लहान्याच्या डाव्या हाताखालून आत घातला.

शहराच्या अंगानं टोप्या उडाल्या. मास्तर बरेच मागं होते, धापा टाकत पोचले. त्यांनी बघितलं तेव्हा निळ्या सदऱ्याच्या पुढं लहान्या होता, एक पाठीचा गडी होता आणि सोम्या होता. तीन. त्यांनी गोल दिला.

वावर-वांगणीच्या बायकांनी भाकरीची फडकी आवरायला घेतली. सोम्या गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता. आणि तेवढ्यात गर्दीतून एक माणूस दोरी ओलांडून मैदानात शिरला.

"मास्तर! नाय! गोल नाय! आफसाईड हाय!"

तो मंगळू होता.

"अहो, तीन होते," मास्तर म्हणाले. "मी पाहिले."

"तू कधी बघितलंस? चेंडू आला तवा. आला तवा कशाला बघायचं? सुटला तवा बघायचं! बाण दोरीवरनं सुटतो तवा सावज कुठं हाय, तेच बघतो ना आपण? लागला तवा कोण बघतो?"

"पण ते आता कसं कळणार? तो क्षण गेला."

"क्षण गेला. पाय राहिलेत." मंगळू खाली बसला. सगळे त्याच्याभोवती जमले, शहराचेसुद्धा. त्यानं बोटानं दाखवलं. "ही बघ. ही खिळ्यांच्या बुटाची जागा. दोन्ही पाय सारखे दबलेत, टाचा खोल. धावत नव्हता, उभा होता. वाट बघत. आता इकडं ये. चार हात मागं. ह्यो अनवाणी पाय. अंगठ्याचा खड्डा बघ केवढा. टाच उमटलीच नाय. सोम्या हितनं उठला. कधी उठला? चेंडू मारल्याचा आवाज झाला तवा. म्हंजे चेंडू सुटला त्या टायमाला सोम्या हितं, ह्याच्या मागं. पुढं कोण राहिलं? लहान्या आनि ह्यो एक. दोन! तिसरा राखणदार नंतर आला. शेळी अजून बांधावर होती मास्तर, आनि ह्यो बाप्या आधीच नागलीत उभा!"

शहरातल्या लोकांना शेळीचं काही कळलं नाही. पण मास्तरांनी पुस्तक काढलं. पान शोधलं. एक ओळ मनाशी वाचली, मग मोठ्यानं वाचली. "चेंडू खेळला गेला त्या क्षणी." ते वाकले, चष्मा सावरून अंगठ्याचा खड्डा बघितला, मग बुटाची जागा. दोन्हींच्या मधलं अंतर त्यांनी स्वतःच्या हातानं मोजलं. मग निळ्या सदऱ्याला विचारलं, "तू उभा होतास?"

पोरगा प्रामाणिक होता. त्यानं बुटांकडं बघितलं. "उभा होतो, सर."

मास्तरांनी शिट्टी मारली. गोल रद्द. एक-एक बरोबरी, आणि सामना संपला.

वावर-वांगणीचा जो आवाज उठला त्यानं मैदानाकडेचे दोन बैल दावी तोडून पळाले. फागूनं मंगळूला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही म्हणून लहान्या मदतीला आला. मंगळू हसत होता, रुमाल हलवत होता, शहराच्या माणसांनासुद्धा रामराम घालत होता. पोरांनी त्याला तानीसमोर आणून उतरवलं.

तानी त्याच्याकडं बघत नव्हती. ती मास्तरांकडं बघत होती.

"मास्तर," ती गोड आवाजात म्हणाली, "माझ्या दादल्याला आफसाईड कळला का हो?"

मास्तरांनी चष्मा पुसला. त्यांना साक्षीला ठेवलं होतं, ते त्यांना आठवलं. "बाई," ते म्हणाले, "आज तो त्याला माझ्यापेक्षा जास्त कळला."

मंगळूचं हसू तोंडावर होतं तिथंच राहिलं.

वावरच्या बायका पुढं सरकल्या. हिरी आईच्या मागं उभी होती. सोम्यानं गाठोडं उचललं होतं, ते त्याच्या हातातच होतं.

"पुरता नाय कळला," मंगळू म्हणाला. "कोपऱ्यावरनं मारतात त्या टायमाला कसं असतं ते—"

"हिरीच्या बा," तानी म्हणाली.

"अर्धाच कळला. तिसरा राखणदार—"

"मामा," सोम्या म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यानं सासऱ्याचं बोलणं मधे तोडलं होतं, आणि त्याला स्वतःलाच त्याचं आश्चर्य वाटलं. "तू नसता बोललास तर कोणालाच कळलं नसतं. गोल गेला असता आनि मी वसईला गेलो असतो. हिरी तुझ्याच घरी राहिली असती. मग का बोललास?"

मंगळूनं रुमाल सोडला. सगळ्यांना वाटलं, आता पुन्हा बांधणार. पण तो त्यानं तोंडावरून फिरवला, घाम पुसला, आणि हातातच धरून ठेवला. त्यानं हिरीकडं बघितलं, मग त्या अंगठ्याच्या खड्ड्याच्या दिशेनं, जिथून सोम्या उठून धावला होता.

"डोळ्यांसमोर खोटं झालं तर बघवत नाय मना," तो म्हणाला. मग घसा खाकरला.

"नागली निघू दे," तो म्हणाला.

बायकांनी एकदम उसासा टाकला. तानीनं कपाळाला हात लावला.

"अगं ऐका तर," मंगळू चिडून म्हणाला, आणि त्याचा आवाज मैदानाच्या पलीकडच्या अंगाला ऐकू जाईल एवढा मोठा झाला. "नागली निघाली की लगीन लावायला धवलेरीला सांगावा धाडा. माघात हिरीचं आनि सोम्याचं लगीन!"